काठावरची ओळ

हिंगोलीत हरिचंद खिल्लारे गुरुजींना ओळखत नाही असा मास्तर सापडणं कठीण, आणि गुरुजींनी स्वतः लिहिलेलं पुस्तक वाचलेला मास्तर सापडणं त्याहून कठीण. गुरुजींनी मुलांसाठी अकरा पुस्तकं लिहिली. त्यांतली निम्मीशिम्मी अजून स्टेशनामागच्या त्यांच्या घरी, पलंगाखाली, सुतळीनं बांधलेल्या गठ्ठ्यांत पडून आहेत. त्यांची बायको रूपाबाई दर दिवाळीला ते गठ्ठे बाहेर काढते, खालून झाडते आणि पुन्हा आत लोटते. पण दुसऱ्यांची बेचाळीस पुस्तकं गुरुजींच्या हाताखालून गेली, आणि ती मात्र पोरांनी पानं सुटेपर्यंत वाचली.

दुसऱ्याच्या गोष्टीत काय कमी आहे ते गुरुजींना बरोबर दिसायचं. स्वतःच्या गोष्टीत दिसायचं नाही. असतं एकेकाचं.

जिल्हा परिषदेच्या शाळांत छत्तीस वर्षं नोकरी झाली. पहिल्या शाळेत पाठ्यपुस्तकाशिवाय वाचायला कागद नव्हता, म्हणून पोरांकडूनच गोष्टी लिहून घ्यायच्या, त्या नीट करायच्या आणि दोऱ्यानं शिवून पुस्तक करायचं, असं त्यांनी सुरू केलं. तिथून ते वेड लागलं ते लागलंच. रिटायर झाल्यावर त्यांनी छोटंसं प्रकाशन काढलं. साठ शाळांत त्यांच्या पुस्तकपेट्या फिरायच्या. एका पेटीत तीस पुस्तकं, आणि महिना झाला की पेटी पुढच्या शाळेत. गुरुजींना पोरबाळ नव्हतं. जे काय होतं ते या पेट्यांतच होतं.

त्यांची काम करायची रीत ठरलेली होती. लेखकानं आपली वही आणून द्यायची. गुरुजी लाल पेन घेऊन बसायचे. खोडायचे, घालायचे, कधी पानच्या पान नवं लिहायचे. मग सगळ्याची स्वच्छ प्रत स्वतःच्या हातानं काढायची, लेखकाची त्यावर सही घ्यायची, आणि ती छापायला द्यायची. लाल शाईची वही कुणालाच दाखवायची नाही, ती ट्रंकेत जायची. पुस्तकावर संपादकाचं नाव नाही. कुणी विचारलंच तर गुरुजी हसून म्हणायचे, "सुईणीचं नाव पोराला लागत नसतं." फार आवडायचं त्यांना हे वाक्य. माणसाला आपलं मोठेपण लपवायलाही आवडतं, कुणीतरी ते लपवताना बघत असेल तर.

तीन वर्षांपूर्वी पल्लवी घुगे नावाची एक तरुण शिक्षिका अशीच वही घेऊन आली. गोरेगावच्या पुढं भोरवाडी म्हणून गाव आहे, तिथल्या शाळेवर ती नुकतीच लागली होती. तिची गोष्ट आसरांची होती. आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. विहिरीच्या कडेला शेंदूर फासलेले सात दगड दिसले की ते त्यांचं ठाणं समजायचं. बाया तिथं हिरव्या बांगड्या, हळदकुंकू वाहतात, आणि लेकरू काठाकडे वळलं की ओरडतात, "मागं फिर, आसरा वढतील!" पल्लवीच्या गोष्टीतल्या चिमीला त्या बहिणींचं घर बघायचं असतं. ती बांगड्या घेऊन विहिरीवर जाते. पण पल्लवीच्या वहीत चिमी आत उतरत नव्हती.

गुरुजींनी ती वही एका बैठकीत वाचली. भाषा गोड होती, पोरगी गुणाची होती, पण शेवट त्यांना भ्याडासारखा वाटला. त्यांनी शेवटच्या चार ओळी खोडल्या आणि बाजूला लाल शाईत लिहिलं, "मूल काठावर थांबत नाही." मग खाली स्वतःचा शेवट लिहिला. चिमी बांगड्या पाण्यात सोडते. काठावर चपला काढून नीट जोडीनं ठेवते, कारण कुणाच्या घरी जाताना चपला बाहेर काढायच्या असतात. आणि ती आत उडी घेते. खाली सातही मावश्या तिला पुरणपोळी वाढतात, तिची वेणी घालतात, आणि दिवस बुडताना तिला अलगद काठावर आणून ठेवतात.

चपलांची ती ओळ लिहून झाल्यावर गुरुजी पेन खाली ठेवून उठले, स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी ती रूपाबाईला वाचून दाखवली. अकरा पुस्तकांत त्यांना अशी एक ओळ साधली नव्हती. रूपाबाई म्हणाली, "ब्येस हाय."

हे सगळं त्यांनी काहून केलं, तेही सांगितलं पाहिजे. गुरुजी ज्या गावात वाढले तिथल्या विहिरीवर त्यांच्या वस्तीतल्या माणसाला चढायची सोय नव्हती. सहा-सात वर्षांचा हरिचंद रिकामी घागर घेऊन पायरीखाली उभा राहायचा. वरून कुणाला दया आली तर तो पाणी घालायचा, नाही आली तर नाही. तासन्‌तास. आत काय आहे, पाणी कसं दिसतं, ते त्यानं मोठा होईपर्यंत बघितलं नव्हतं. गोष्टीतलं लेकरू काठावरून मागं फिरलं की गुरुजींना तो पायरीखालचा हरिचंद दिसायचा. सभांमधून ते सांगायचे, लेकरांना भीती विकू नका. बरोबरच होतं त्यांचं. पण भीती काढल्यावर तिच्या जागी काहीतरी ठेवावं लागतं. विहीर खोल असते, पाण्यात जीव जातो, आधी पोहायला शिकावं लागतं, असं काहीतरी. गुरुजींनी त्या जागी पुरणपोळी ठेवली.

पुस्तक गाजलं. पुढच्याच वर्षी त्याला एका संस्थेचं बक्षीस मिळालं. समारंभात पाहुण्यांनी चपलांच्या ओळीचं फार कौतुक केलं, आणि सुचली कशी म्हणून पल्लवीला विचारलं. पल्लवीनं गुरुजींकडे बघितलं. मग माईकवर म्हणाली, "आमच्या आजीच्या घरी बाहेर चपला काढायची फार शिस्त होती, तिथून आलं ते." टाळ्या पडल्या. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, तो मास्तरांच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. पहिल्या रांगेत बसून गुरुजीही टाळ्या वाजवत होते. पण परतीच्या एसटीत रूपाबाई काही बोलायला लागली तर त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. लागलं होतं त्यांना. सुईणीला सुद्धा लागतं.

यंदा पाऊस लांबला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात विहिरी तोंडापर्यंत भरलेल्या होत्या आणि सगळी माणसं सोयाबीन काढायला शेतात. शनिवारी शाळा सकाळची. पुस्तकपेटी त्या महिन्यात भोरवाडीत होती. रविवारी सकाळी गुरुजी चहा घेत असताना पल्लवीचा फोन आला. तिला नीट बोलता येत नव्हतं.

"सर, काल दुपारी माझ्या वर्गातली ऐश्वर्या गेली. तिसरीतली. विहिरीत."

"कशी पडली?"

"पडली नाही, सर. काठावर आपलं पुस्तक सापडलं. उडू नये म्हणून वर दगड ठेवलेला होता. शेजारी चपला होत्या. जोडीनं ठेवलेल्या."

गुरुजी हातातला कप घेऊनच उठले. रूपाबाईनं तो काढून घेतला. फोनवर पल्लवी रडत होती आणि गुरुजी नुसते "हो, हो" म्हणत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं. ती ओळ कुणाची ते जगात तीन माणसांना माहीत होतं, आणि त्यांतली दोन त्या स्वयंपाकघरात होती.

पाचव्या दिवशी गुरुजी भोरवाडीला भेटायला गेले. गोरेगावपर्यंत एसटी, तिथून जीप. घरापुढं ताडपत्री ताणलेली होती. पुरुष माणसं बाहेर बसलेली, बाया आत. ऐश्वर्याचा आजा, सटवाजी, त्यांना ओळखत होता. त्याचा धाकटा गुरुजींच्या हाताखाली शिकलेला. म्हाताऱ्यानं हात धरून त्यांना शेजारी बसवलं.

"गुरुजी, सात पिढ्या झाल्या, आमच्या इहिरीत लेकरू गेलं न्हाई," तो म्हणाला. "लेकरं काठाला जातच न्हवती. आता हे पुस्तक आलं. बाईनं लिव्हलेलं. वर नाव हाय बाईचं, फोटो बी हाय."

गुरुजींनी मान खाली घातली. तिथंच बोलायचं होतं. जीपमध्ये त्यांनी वाक्यही जुळवलं होतं. तेवढ्यात आतून ऐश्वर्याची आई आली. पुनम नाव तिचं, तिशीच्या आतली असेल. ती दारातच खाली बसली, आणि कुणी न विचारता बोलायला लागली. या पाच दिवसांत आल्यागेल्या प्रत्येकाला तिनं हेच सांगितलं असणार.

"शुक्रवारी सांजच्याला पुस्तक वाचून राह्यली होती. म्या म्हनलं, इहिरीकडं जाऊ नको, आसरा वढतेत. तर मला म्हनती, न्हाई आई, त्या चांगल्या हायत. पुस्तकात हाय. मला वाचून दाखवलं तिनं. म्या हसले. म्हनलं, लई शानी झालीस." तिनं दाराची चौकट धरली. "माझ्या हिरव्या बांगड्या नेल्या तिनं. डब्यातल्या. म्या हसले, गुरुजी."

गुरुजींच्या तोंडून शब्द फुटला नाही. शरमेनं फुटला नाही म्हणावं, तर ते पूर्ण खरं नाही. त्याच घटकेला त्यांच्या डोळ्यांपुढून साठ शाळांतल्या साठ पेट्याही गेल्या, हेही तितकंच खरं. आईसमोर बसून माणूस पेट्या मोजतो. गुरुजींना स्वतःची किळस आली, आणि किळस आली तरी ते गप्पच राहिले. अर्ध्या तासानं नमस्कार करून उठले.

पुढच्या आठवड्यात गावानं शाळेला कुलूप ठोकलं. बाईला काढल्याशिवाय ते उघडायचं नाही असं ठरलं. तालुक्याच्या ऑफिसातून पल्लवीला नोटीस आली. घरमालकानं खोली सोडायला सांगितली. कुणीतरी तो बक्षिसाचा व्हिडिओ पुन्हा फिरवला, आणि खाली लोकांनी जे लिहिलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

ती हिंगोलीला गुरुजींकडे आली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. आठ दिवसांत निम्मी झाली होती. पाणीही न घेता म्हणाली, "सर, माझी वही तुमच्याकडे आहे. माझा शेवट तिच्यात आहे. मी साहेबांना सांगितलं, तो शेवट माझा नाही. ते म्हणाले, मग सही कुणाची? मग त्यांनी मला माझाच व्हिडिओ दाखवला."

"माझं नाव घेतलंस?"

"नाही, सर. तुम्ही स्वतः सांगेपर्यंत कसं घेऊ?"

गुरुजी उठले, आतल्या खोलीत गेले, ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला आणि पडल्याचाही. बाहेर येऊन ते म्हणाले, "दिसत नाही. मागं घर रंगवलं, तेव्हा बरंच काही रद्दीत गेलं."

पल्लवीनं त्यांच्याकडे बघितलं. तिला कळलं असावं. "सर, त्या दिवशी माईकवर मी खोटं बोलले," ती हळू म्हणाली. "मला तुमचं नाव घ्यायला पाहिजे होतं. पण तुम्हीच म्हणायचा ना, की..." तिनं पुढं बोलायचं सोडलं, ओढणी डोक्यावर घेतली आणि ती उन्हात निघून गेली.

आणि गुरुजींच्या मनात काय आलं? त्या दिवशी टाळ्या घेतल्यास ना, मग आता हेही घे, असं आलं. सहासष्ट वर्षांच्या, लेकरांसाठी आयुष्य घातलेल्या माणसाच्या मनात असं आलं.

रूपाबाई दारात उभी होती. "वही ट्रंकेत हाय," ती म्हणाली. "निळ्या पुठ्ठ्याची. म्या परवाच बघितली."

"तुला कळत नाही. माझं नाव आलं की एक शाळा पेटी ठेवणार नाही. चाळीस वर्षं पाण्यात जातील."

पाण्यात हा शब्द तोंडातून गेल्यावर गुरुजींनाच तो ऐकू आला. रूपाबाई वळली. ती आत गेली, ट्रंक उघडली, निळी वही आणून त्यांच्यापुढं ठेवली. मग म्हणाली, "तुमी दिली न्हाई तर मी घिऊन जाईन. मला वाचता येत न्हाई, पर लाल कुठं हाय आन्‌ निळं कुठं हाय, ते दिसतंय की मला."

तेरवीनंतर दोन दिवसांनी ग्रामसभा भरली. सकाळी दहाची वेळ. मारुतीच्या देवळापुढं मंडप, एका टेबलामागं सरपंच आणि तालुक्याचे विस्तार अधिकारी. पल्लवी एका कडेला खाली मान घालून बसलेली, तिच्या आजूबाजूला दोन-दोन हात जागा मोकळी. बायांच्या घोळक्यात पुनम. गुरुजी आले तसा सटवाजी उठून उभा राहिला, लोकांनी वाट करून दिली.

गुरुजींनी वाट बघितली नाही. थांबले असते तर धीर गेला असता, हे त्यांना स्वतःबद्दल आता माहीत झालं होतं. ते टेबलापुढं उभे राहिले आणि पिशवीतून वही काढली.

"पोरगी ज्या शेवटामुळं गेली, तो शेवट या बाईंनी लिहिलेला नाही," ते म्हणाले. "मी लिहिलाय. चपलांची ओळ माझी आहे. उडी माझी आहे. बाईंची चिमी आत गेलीच नव्हती. मी ते खोडलं. दोष माझा आहे, बाईंचा नाही."

गुरुजींना वाटलं, आता पहिला दगड येईल. तो यावा असंही त्यांना वाटलं.

सटवाजीनं डोळे पुसले. "बघा रे," तो लोकांकडे वळून म्हणाला, "याला म्हनतेत मानूस! दुसऱ्याचं पाप आपल्या आंगावर घिऊन राह्यला. गुरुजी, तुमी देवमानूस हाव. पर असं करू नका. बाईला वाचवायला तुमी काहून मरता?"

"सटवाजीबाबा, मी खरं सांगतोय."

"मंग पुस्तकावर तुमचं नाव काहून न्हाई?" मागून एकानं विचारलं.

"दुसऱ्याच्या कुठल्याच पुस्तकावर मी नाव घालत नाही."

"असं कुटं आस्तंय व्हय?" दुसरा हसला. "लिव्हायचं एकानं आन्‌ नाव दुसऱ्याचं?"

गुरुजींनी वही उघडली, शेवटचं पान काढलं आणि टेबलावर ठेवलं. "हे बघा. निळ्या शाईत बाईंचं. लाल शाईत माझं."

विस्तार अधिकाऱ्यांनी चष्मा लावून पानावर नुसती नजर फिरवली, बारीक लाल अक्षर काही वाचलं नाही. सटवाजीही गुरुजींचा दंड धरून वाकला. त्याला वाचता येत नव्हतं, पण वही म्हणजे काय आणि लाल शाई म्हणजे काय हे अख्ख्या गावाला माहीत होतं. सगळ्यांनी चार-दोन वर्षं तरी शाळा बघितली होती.

"आरं, ह्ये तर गुरुजींनी चुका काढल्यात!" सटवाजी ओरडला. "ह्ये बघा, किती लाल! बाईच्या पानापानाला चुका हायत. गुरुजींनी सगळं बराबर करून दिलं, तरी बाईनं छापायचं तेच छापलं."

"खोडलेलं आहे ते बाईंचं बरोबर होतं," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "मी बरोबर होतं ते खोडलं!"

"चुकलेलंच खोडतेत गुरुजी," कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं, लहान मुलाला सांगावं तसं.

मंडपात मान्यतेची कुजबुज झाली. विस्तार अधिकारी कागदावर काहीतरी लिहायला लागले. "म्हणजे श्री. खिल्लारे यांनी वेळीच दुरुस्त्या सुचवलेल्या होत्या," ते सरपंचांना म्हणाले, "हे नोंदवून घ्यावं लागेल." पल्लवीनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर आता रागही नव्हता. गुरुजींनी आयुष्यभर जपलेलं न दिसणं असं फळाला आलं होतं. आता ओरडून सांगितलं तरी ते कुणाला दिसत नव्हते.

तेव्हा बायांच्या घोळक्यातून पुनम उठली. "मला द्या ती वही," ती म्हणाली.

"तू बस गं," सटवाजी म्हणाला.

"मी धावी शिकलेली हाय, मामंजी. मला द्या."

तिनं वही घेतली आणि ती तिथंच उभ्या उभ्या वाचायला लागली. लाल शाईतलं तिला वाचावं लागलंच नाही. ते तिला पाठ होतं, लेकीनं वाचून दाखवलेलं. तिनं बोट लाल रेघांच्या खाली घातलं. खोडलेली निळी अक्षरं ती एक-एक करून लावत होती, ओठ हलत होते. अर्ध्यात ती अडली. वही घेऊन ती पल्लवीपुढं गेली आणि तिच्या शेजारी, त्या मोकळ्या ठेवलेल्या जागेत बसली.

"हे तुमचं हाय ना, बाई? मंग तुमीच वाचा. मोठ्यानं."

पल्लवीनं वही हातात घेतली, पण वहीत बघितलं नाही. ती म्हणाली, "चिमीला खूप वाटलं, आत उतरावं. पण पाणी काळं होतं. तिनं बांगड्या काठावर ठेवल्या आणि हाक मारली, मावश्यांनो, मला पोहता येत नाही, शिकले की येईन. मग ती घरी गेली. आईनं भाकरी टाकली होती."

विस्तार अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. गुरुजींनी त्या चार ओळी तीन वर्षांपूर्वी खोडल्या होत्या, पण कुणाच्या तोंडून ऐकल्या नव्हत्या. त्यांच्यात भ्याड काहीच नव्हतं. त्या पोरीनं किती नीट लिहिलं होतं, आणि आपल्याला ते कसं दिसलं नाही, असं त्यांच्या मनात आलं.

पुनम बसल्या जागेवरून त्यांच्याकडे बघत होती. तिला कळलं होतं. अख्ख्या गावात तिला एकटीला कळलं होतं.

"हे काहून खोडलं, गुरुजी?"

"गोष्ट चांगली व्हावी म्हणून."

"झाली का मंग?"

बेचाळीस पुस्तकांत कुठली ओळ चांगली आणि कुठली वाईट, हे सांगताना गुरुजी कधी अडले नव्हते.

"नाही," ते म्हणाले.

सटवाजी सुनेकडे, गुरुजींकडे, वहीकडे बघत राहिला. हळूहळू त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं गुरुजींच्या दंडावरचा आपला हात काढून घेतला. पुनमनं पदरानं तोंड पुसलं आणि ती पल्लवीकडे वळली.

"बाई, शेवटचं पुन्हा वाचा," ती म्हणाली. "घरी गेली, ते."

पल्लवीनं वाचलं.

"आनखी एकदा."

पल्लवीनं पुन्हा वाचलं. मंडपातून कुणी उठलं नाही. गुरुजी टेबलापुढं उभे होते, आणि त्यांना कुणी बसा म्हणालं नाही.